अंगावर घेणारी माणसं (गीता, अध्याय ३, श्लोक ११ आणि १२)



रोज दोन श्लोक, या आपल्या नेमात आज तिसऱ्या अध्यायातला अकरावा आणि बारावा श्लोक आलाय. भाव थोडक्यात असा आहे. तुम्ही यज्ञानं देवांना सांभाळा, देव तुम्हाला सांभाळतील. असं एकमेकांना सांभाळण्यातच दोघांचं भलं आहे. आणि जो मिळालेलं नुसतं भोगतो, देणाऱ्याला परत काहीच देत नाही, त्याला भगवंत सरळसरळ चोर म्हणतात.

आपल्या खान्देशातल्या वाचकांना हा अध्याय जरा जास्तच जवळचा वाटायला हवा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत होते आणि साने गुरुजी ते लिहून घेत होते. तिसऱ्या अध्यायाचा रविवार होता ६ मार्च. कर्मयोगाचा अध्याय, तोही तुरुंगात, रोज कष्टाची कामं करणाऱ्या माणसांसमोर सांगितलेला.

आज तारीख १० मार्च. सावित्रीबाई फुले यांचा स्मृतिदिन. म्हणून आज श्लोकाची फोड करत बसण्यापेक्षा त्यांचं चरित्र सांगतो. शाळा काढणाऱ्या सावित्रीबाई आपल्याला पाठ असतात. साथीच्या रोगात आजाऱ्यांची सेवा करता करता त्याच रोगानं गेलेल्या सावित्रीबाई मात्र स्टेटसच्या दोन ओळींत संपतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. सावित्रीबाई सत्यशोधक होत्या. एका निर्मिकाला मानणाऱ्या, मध्यस्थ पुरोहित आणि कर्मकांड नाकारणाऱ्या. त्यांनी गीता वाचून हे सगळं केलं, असं मी म्हणत नाही. त्यांना आपल्या रांगेत आणून बसवायचंही नाही. पण श्लोक खरा की खोटा हे शेवटी माणसांच्या जगण्यावरच ताडून बघायचं असतं ना? तर हे जगणं बघूया.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० मध्ये लग्न झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि जोतीराव तेरा वर्षांचे. लिहा-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या, जोतीरावांकडून. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. वय सतरा-अठरा. म्हणजे आपल्याकडे बारावीची परीक्षा देणाऱ्या मुलीचं.

शाळेत जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल टाकायचे, हे आपण सगळ्यांनी पुस्तकात वाचलंय. त्यावर त्यांनी काय केलं? सोबत एक जास्तीचं लुगडं न्यायला लागल्या. शाळेत पोचलं की घाण झालेलं बदलायचं, शिकवायचं. ही युक्ती छोटी आहे, पण ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. काम सोडायचं नाही हे ठरलेलं होतं, आणि काम करताना अंगाला जे लागणार त्याची तयारीही ठरवून केलेली होती.

१८४९ मध्ये घर सोडावं लागलं. तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला आणि फातिमा शेख शाळेच्या कामात सोबत आल्या. १८६३ मध्ये फुले दांपत्यानं बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या, गरोदर राहिलेल्या विधवांनी इथे यावं, सुखरूप बाळंत व्हावं आणि हवं तर मूल ठेवून जावं. ज्या बाईला शिवायला सख्खे नातेवाईक तयार नव्हते, तिचं बाळंतपण सावित्रीबाईंच्या घरी होत होतं. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा या दोघांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. त्याचं नाव यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला.

१८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला झाला. १८७६-७७ च्या दुष्काळात पोरांना दोन घास मिळावेत म्हणून अन्नछत्रं निघाली, त्या कामासाठी सावित्रीबाई जुन्नरकडे ओतूरलाही होत्या. १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. मग दोन वर्षं घरातच शुश्रूषा. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेपुढे टिटवं धरून सावित्रीबाई स्वतः चालल्या. बाईनं टिटवं धरणं हे त्या काळात कुणी ऐकलंही नसेल. त्यानंतर घरात बसून राहिल्या का? नाही. १८९३ मध्ये सासवडला सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या अध्यक्ष त्याच होत्या.

आपल्या मराठीत फार नेमका शब्दप्रयोग आहे: एखादं काम अंगावर घेणं. आपण तो सहज वापरतो. ऑफिसात कुणी प्रोजेक्ट अंगावर घेतो, लग्नघरात मामा जेवणाचं अंगावर घेतात. सावित्रीबाईंच्या बाबतीत मात्र तो अक्षरशः खरा आहे. शाळेचं काम अंगावर घेतलं, तर शेण अंगावर आलं. आणि शेवटी एका आजारी पोराचं काम अंगावर घेतलं, तेव्हा रोग अंगावर आला.

आता तो शेवट.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांना विचित्र तापाचे रुग्ण दिसले. ताप, आणि जांघेत, काखेत गाठी. हा गाठीचा प्लेग आहे, असं त्यांनी सांगितलं. काही महिन्यांत साथ पुण्यात आली. लोक याला ग्रंथिक सन्निपात म्हणायचे. घरात उंदीर पडला की माणसं घाबरून घर सोडायची.

त्या वेळी माहिती किती होती? प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता. पण तो उंदरांवरच्या पिसवांमधून माणसात येतो, हे पॉल-लुई सिमोन यांनी दाखवलं ते १८९८ मध्ये, म्हणजे सावित्रीबाई गेल्यावर एक वर्षानं. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली होती. ती सगळीकडे पोचायला अजून वेळ होता. प्लेगवर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सापडलं १९४३ मध्ये. तेव्हा १८९७ च्या मार्चमध्ये आजाऱ्याजवळ जाणाऱ्या माणसाकडे औषध नव्हतं, आणि रोग नेमका कुठून चढतो हेही माहीत नव्हतं.

एवढं मात्र सगळ्यांना दिसत होतं की जवळ जाणारा मरतो.

अशा वेळी सावित्रीबाईंनी काय केलं ते क्रमानं बघा. पहिलं, सैन्यात डॉक्टर असलेल्या यशवंतला बोलावून घेतलं. नुसत्या मायेनं रोग बरा होत नाही, वैद्य लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. दुसरं, दवाखाना दाट वस्तीत न काढता शहराबाहेर हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर, मोकळ्या हवेत सुरू झाला. तिसरं, रुग्ण आपण होऊन येतील याची वाट बघितली नाही. पुण्यात त्या दिवसांत लोक आजारी माणूस लपवून ठेवत होते. सरकारची भीती होती, दवाखान्याची भीती होती, वाळीत पडण्याची भीती होती. म्हणून सावित्रीबाई स्वतः वस्त्यांमध्ये जाऊन आजाऱ्यांना घेऊन येत होत्या. वय सहासष्ट.

मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांच्या घरातलं एक पोर प्लेगनं पडलंय, असं त्यांना कळलं. त्या गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन हडपसरच्या दवाखान्यात आल्या. गायकवाडांच्या त्या हकिकतीत पांडुरंग हे नाव येतं. आपण वारीत ज्या नावाचा गजर करतो तेच. वारकऱ्याला याहून जास्त काही सांगायला नको.

त्या पोराची सेवा करताना सावित्रीबाईंना प्लेग झाला. १० मार्च १८९७ ला रात्री त्या गेल्या. मुलगा वाचला, असं सांगतात. पुढे काही वर्षांनी डॉ. यशवंतही प्लेगच्या रुग्णांवर उपचार करतानाच गेले. आई आणि मुलगा, दोघांचाही शेवट एकाच कामात.

जळगाव-धुळ्याहून नोकरीसाठी पुण्याला गेलेले आपले कितीतरी मित्र आज याच हडपसर-मुंढवा पट्ट्यात राहतात. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं सकाळी उतरायचं, रूमवर जायचं, आंघोळ करून कंपनी गाठायची. जिथून तुम्ही कॅब बुक करता, त्याच वाटेनं कधीतरी एक म्हातारी बाई तापानं फणफणलेलं पोर पाठीवर घेऊन चालली होती. पुढच्या वेळी तिथल्या सिग्नलला थांबलात तर एवढं आठवा.

आणि प्लेग काही पुण्यापुरता नव्हता. तो आपल्या खान्देशातही आला. जळगावच्या बहिणाबाई चौधरी, ज्यांचं नाव आज आपल्या विद्यापीठाला आहे, त्यांच्या घरातही तो शिरला आणि मुलगा ओंकार याला कायमचं अपंगत्व देऊन गेला. तेव्हा घरोघरी आजाऱ्याच्या उशाशी कोण बसत होतं? आई, बहीण, सून. त्यांची कुठे नोंद नाही. साथीत सेवेची पहिली किंमत नेहमी जवळ बसणाऱ्यानं मोजली आहे.

इथे एक धोका आहे, आपल्यासारख्या भाविकांच्या मनाला तर जास्तच. अशी गोष्ट ऐकली की डोळ्यांत पाणी येतं आणि आपण म्हणतो, वा, काय तो त्याग! फुलं वाहतो. आणि नकळत असं मानायला लागतो की खऱ्या सेवकानं स्वतःच्या जिवाची काळजी करायचीच नसते. मास्क मागणारी नर्स थोडी कमी भावाची, हातमोजे नाहीत म्हणून अडून बसणारा वॉर्डबॉय कामचुकार.

सावित्रीबाईंच्या चरित्रात हे कुठेच बसत नाही. जास्तीचं लुगडं नेणारी बाई बेफिकीर नव्हती. डॉक्टर बोलावणारी, गावाबाहेर मोकळा माळ निवडणारी बाई बेफिकीर नव्हती. त्या काळात जेवढी खबरदारी कळत होती तेवढी तिथे होती. जी नव्हती, ती जगातच नव्हती.

खबरदारी नाकारण्यात मोठेपणा नसतो, याचं एक उदाहरण चीनमधलं आहे. १९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग आला. हा खोकल्यातून पसरणारा प्रकार. तिथे डॉ. वू ल्येन-तेह या तरुण डॉक्टरांनी सेवा करणाऱ्यांना कापूस आणि जाळीच्या कापडाचे मास्क बांधायला लावले. मेनी नावाच्या नावाजलेल्या फ्रेंच डॉक्टरांना ते पटलं नाही. ते मास्क न लावताच रुग्ण तपासायला गेले आणि काही दिवसांत प्लेगनंच वारले. त्यानंतर मात्र हार्बिनमध्ये मास्क सगळीकडे दिसायला लागले. मेनींचं धैर्य खोटं नव्हतं. पण त्या धैर्यानं एकही रुग्ण जास्तीचा वाचला नाही, उलट एक डॉक्टर कमी झाला.

आता परत श्लोकाकडे येऊ. भगवंत म्हणतात, एकमेकांना सांभाळा. देणं-घेणं दोन्ही बाजूंनी आहे. आपण देव हा शब्द आला की आकाशाकडे बघतो. पण कोरोनाच्या काळात आपणच काय म्हणत होतो? डॉक्टर देव, नर्सताई देव, आशाताई देव. थाळ्या वाजवल्या, दिवे लावले. चांगलंच केलं. पण मग अकरावा श्लोक त्या देवांनाही लागू होतो ना? ते आपलं पोषण करतात. आपण त्यांचं काय करतो? आणि काहीच करत नसू, नुसती सेवा घेऊन घरी येत असू, तर बाराव्या श्लोकातला तो शब्द कुणासाठी आहे?

एक साधी गोष्ट बघा. साथरोगांचा कायदा सरकारनं फेब्रुवारी १८९७ मध्ये केला, सावित्रीबाई गेल्या त्याच्या महिनाभर आधी. साथीत लोकांवर कोणते निर्बंध घालायचे याचे मोठे अधिकार त्यात होते. सेवा करणाऱ्या डॉक्टर-नर्सवर हात उचलणाऱ्याला खास शिक्षा त्या कायद्यात आली ती २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत. मधे गेली १२३ वर्षं. सेवा घ्यायला आपण तयारच असतो. सांभाळायची आठवण उशिरा होते.

साथ नसतानाही हा धोका संपत नाही. क्षयरोगाच्या वॉर्डात रोज उभी राहणारी सिस्टर तीच हवा श्वासात घेते. रक्त घेताना सुई टोचली तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही यांची भीती असते. यातल्या बऱ्याच गोष्टींवर आज उपाय आहे. हिपॅटायटिस बीची लस आहे, तिचे तीन डोस असतात. वापरलेल्या सुईवर परत टोपण लावायचं नाही, हा साधा नियम आहे. सुई टोचलीच तर एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करता येतात, आणि जितकी लवकर तितकी चांगली. क्षयासाठी उघड्या खिडक्या, खेळती हवा आणि एन-९५ मास्क. १८९७ मध्ये जे जगात नव्हतं, ते आज कपाटात आहे. प्रश्न एवढाच उरतो की ते वेळेवर हातात मिळतं का, आणि मागणाऱ्याला ते मानानं मिळतं का. ते फक्त मोठ्या डॉक्टरांना मिळून चालणार नाही. कंत्राटी सफाई कामगार, लाँड्रीत चादरी धुणारी मावशी, अँब्युलन्सचा ड्रायव्हर, सगळ्यांचं अंग सारखंच असतं.

आपल्याकडे आणखी एक शब्दप्रयोग आहे: दुखणं अंगावर काढणं. सेवा करणारी माणसं हे फार करतात. ताप आलाय, खोकला पंधरा दिवस जात नाही, पण ड्युटी आहे, बदली माणूस नाही, सांगितलं तर लोक काय म्हणतील. ज्यांनी आपलं काम अंगावर घेतलं, त्यांना स्वतःचं दुखणं अंगावर काढावं लागत असेल, तर आपण सगळ्यांनी अंग काढून घेतलंय, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून आजचा संकल्प. नुसतं फॉरवर्ड करण्यापेक्षा यातलं एक तरी करूया.

घरात आजी-आजोबांना इन्सुलिन चालू असेल तर वापरलेल्या सुया घंटागाडीच्या कचऱ्यात सुट्या टाकू नका. झाकणाच्या जाड प्लास्टिक बाटलीत साठवा आणि आपल्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये विचारून तिथे द्या. नाहीतर ती सुई पिशवी उचलणाऱ्या ताईच्या बोटात जाते, आणि तिला कळतही नाही ती कुणाची होती.

दवाखान्यात गेल्यावर खोकला असेल तर स्वतः मास्क लावा. क्षय, कावीळ, असं काही आधी झालं असेल तर लपवू नका; समोरच्याला सावध होऊ द्या. एका पेशंटमागे दहा जण वॉर्डात शिरू नका. आणि सिस्टर म्हणाली की थांबा, हातमोजे घालून येते, तर घड्याळ बघू नका. तो एक मिनिट म्हणजे आपल्याकडून तिला दिलेली आहुती समजा.

मित्रमंडळींपैकी कुणी नर्सिंगला, मेडिकलला, लॅब टेक्निशियनला असेल, धुळ्याच्या किंवा जळगावच्या सरकारी दवाखान्यात असेल, तर आज त्यांना एक फोन करा. ग्रेट काम करतोस, एवढं म्हणून ठेवू नका. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत का, ते विचारा.

सावित्रीबाईंना आज फूल वाहायचंच असेल तर जरूर वाहा. पण त्यांनी पाठीवर घेतलेलं ते पोर वाचलं, तसं आजचं पोर वाचवताना आजची सावित्रीसुद्धा घरी परत यावी, हे आपल्या हातात आहे. अकराव्या श्लोकातलं एकमेकांना सांभाळणं यापेक्षा वेगळं काय असणार?

उद्या तेरावा श्लोक, एकट्यापुरतं शिजवून खाणाऱ्यांविषयी. आजच्याच धाग्यातला आहे, तेव्हा चुकवू नका.

राम कृष्ण हरी.